हत्तीची पाखर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर एखाद्या शब्दाला धरून वर्गाचा अख्खा तास काढायचे. घंटा झाली तरी शब्द संपलेला नसायचा. त्यांच्याइतका माझा अभ्यास नाही, पण खोड तीच लागली आहे. म्हणून आजही एका शब्दापासूनच सुरुवात करतो. शब्द आहे ‘पाखर’.

‘मायेची पाखर’ आपण सगळेच म्हणतो. सेवानिवृत्तीच्या भाषणात आणि शोकसभेत तर हा शब्द हमखास येतो. मध्यंतरी काही मुलांना मी विचारलं, पाखर म्हणजे नक्की काय रे? बहुतेकांनी दोन्ही हात पसरून पंख करून दाखवले. पाखरू आणि पाखर हे कानाला इतके जवळचे की कोंबडीनं पिलांवर पंख धरावेत तसं चित्र आपोआप उभं राहतं. चित्र गोड आहे, पण खरं नाही. जुन्या मराठीत पाखर म्हणजे घोड्याच्या किंवा हत्तीच्या अंगावर चढवायचं लोखंडी चिलखत. त्यावरून पाखर घालणं म्हणजे रक्षण करणं. तेव्हा आईनं पाखर घातली असं म्हणतो तेव्हा आपण त्या माउलीच्या हाती नकळत काही शेर लोखंड देत असतो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त हत्तीच्या साजाची भलीमोठी यादी दिली आहे. ग्रंथ फारसी, पण या वस्तूला शब्द हाच, पाखर. ती पोलादाची असते आणि डोक्याला व सोंडेला वेगवेगळे तुकडे असतात, एवढंच तो सांगतो आणि पुढे जातो. त्याच्या वाचकाला ती रोज दिसत होती. आपल्याला ती बघायला इंग्लंडला जावं लागतं.

लीड्स शहरातल्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात एक पुऱ्या उंचीचा हत्ती उभा आहे. हत्ती बनावट, अंगावरची पाखर मात्र अस्सल. इ.स. १६०० च्या आगेमागे उत्तर हिंदुस्थानात, बहुधा मुघलांच्या शस्त्रशाळेत घडलेली. हत्तीची इतकी पूर्ण पाखर दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक संग्रहात क्वचितच बघायला मिळेल. तिचे मूळचे आठ भाग होते, त्यांतले सहा उरले आहेत. आज तिच्यात ५,८४० पत्रे आहेत आणि वजन ११८ किलो भरतं. आठही भाग असते तर पत्रे ८,४३९ झाले असते आणि वजन १५९ किलो, असा संग्रहालयानं हिशेब मांडला आहे.

मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. लांबून ती पाखर खवल्यांसारखी दिसते. जवळ गेलं की कळतं, एकेक पत्रा तळहाताहूनही लहान आहे. कडेला भोकं आहेत, भोकांतून लोखंडी कड्या ओवल्या आहेत आणि त्या कड्यांनी शेजारचा पत्रा धरलेला आहे. माणसाच्या बख्तराचीही घडण अशीच असते. पत्रा वार अडवतो आणि कडी अंगाला वाकू देते. मधूनमधून मोठे चौकोनी पत्रे आहेत. त्यांवर ठोकून उठवलेली कमळं आहेत, पक्षी आहेत, मासे आहेत, आणि हत्तीही आहेत. हत्तीच्या अंगावर हत्ती! कारागिराला ती गंमत सुचली असेल तेव्हा तो स्वतःशीच हसला असेल, असं मला उगीच वाटत राहिलं. एका माणसानं दिवसाला वीस पत्रे जोडले असं धरा. हा आकडा माझा आहे, त्याला पुरावा नाही. तरी एका पाखरेला सव्वाचारशे दिवस झाले, आणि त्यात पत्रे कापण्याचा, भोकं पाडण्याचा, कड्या वळण्याचा वेळ धरलेलाच नाही. शिवाय पावसाळा आला की गंज. तेल-चिंध्या घेऊन बसणारी माणसं वेगळी.

आता एक साधा हिशेब करू. १५९ किलो म्हटलं की आपण दचकतो. पण हिंदुस्थानातला पुरा वाढलेला नर हत्ती साधारण चार टनांचा. म्हणजे पाखर त्याच्या वजनाच्या शेकडा चार. युरोपात सरदारांच्या घोड्यांना जी पोलादी चिलखतं घालत, ती तीस-चाळीस किलोंची असत, आणि घोडा साडेचारशे-पाचशे किलोंचा. म्हणजे शेकडा सात-आठ. घोड्याच्या मानानं हत्तीचं ओझं निम्मंच. तेव्हा पाखरेच्या भारानं हत्ती थकून जायचा, असं जे सहज बोललं जातं ते हिशेबात बसत नाही. हत्ती ओझ्यानं अडला नाही. तो दुसऱ्याच गोष्टींनी अडला, आणि त्या गोष्टी तुम्हाला सांगाव्यात म्हणून मी आज इथे उभा आहे.

त्यासाठी आधी पाखर घालायचीच कशाला, ते पाहू. हत्तीचं कातडं काही ठिकाणी इंचभर जाड असतं. मी सांगलीचा. लहानपणी गणपतीच्या देवळातल्या हत्तीला नारळ द्यायला आजोबांबरोबर जायचो. एकदा माहुतानं माझा हात धरून हत्तीच्या खांद्यावर ठेवला. वाळलेल्या चिखलावर हात ठेवावा तसं लागलं, वर ताठ केस टोचले. मग त्यानं तोच हात उचलून कानाच्या मागे नेला. तिथलं कातडं मऊ, पातळ आणि गरम होतं, आतली शीर बोटाला लागत होती. इथं माशी बसली तरी याला कळतं, माहूत म्हणाला. एवढ्या धिप्पाड जनावराला माशी कळते हे ऐकून मी आजोबांकडे पाहिलं होतं. पुढे लढायांची वर्णनं वाचायला लागल्यावर ते वाक्य पुन:पुन्हा आठवत गेलं.

लढाईत बाणानं हत्ती जागच्या जागी मेला, असं क्वचितच घडे. बाण लागला की तो दुखावे, दुखावला की बिथरे, आणि बिथरला की वळे. वळला की त्याच्या मागे आपलंच पायदळ असे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. इ.स.पू. २०७ मध्ये इटलीत मेटॉरस नदीकाठी कार्थेजचा सेनापती हास्द्रुबल लढला. त्याच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे, हे रोमन इतिहासकार लिव्हीनं नोंदवलं आहे. हत्ती अनावर होऊन आपल्यावरच उलटला की दोन कानांच्या मध्ये, डोकं आणि मान जिथे जुळतात त्या सांध्यावर छिन्नी ठेवायची आणि जोरानं हाणायची. त्या दिवशी शत्रूनं मारले त्याहून जास्त हत्ती त्यांच्या माहुतांनीच मारले, असंही तो लिहितो. पाखरेकडे या नजरेनं पाहा. तिचं पहिलं काम हत्तीचा जीव वाचवणं नसून त्याला वेदना होऊ न देणं हे होतं, म्हणजे तो मागे वळणार नाही. म्हणून सगळ्यात दाट पत्रे कपाळावर, चेहऱ्यावर आणि गळ्याखाली. धाव घेणाऱ्या हत्तीची हीच बाजू बाणांसमोर असते. इ.स.पू. १९० मध्ये मॅग्नेशियाच्या लढाईत सिरियाचा राजा अँटिओकस याचे जे हत्ती उभे होते, त्यांच्याही फक्त कपाळपट्ट्या, तुरे आणि पाठीवरचे बुरूजच लिव्हीनं सांगितले आहेत. कपाळ झाकलं की अर्धं काम झालं, असा तो जमाना.

आपल्याकडे कौटिल्यानं हत्तीच्या युद्धसाजात कवच सांगितलं आहे, तोमर आणि बाणांचे भाते सांगितले आहेत. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग आला. त्यानंही हिंदुस्थानी हत्तींच्या चिलखताची आणि सुळ्यांना लावलेल्या धारदार काट्यांची नोंद केली. पण तोच ह्युएन-त्संग इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला तेव्हा त्यानं वेगळीच गोष्ट टिपली. इथला राजा शेकडो झुंजार हत्ती पदरी बाळगतो आणि लढाईच्या आधी त्यांना दारू पाजतो. माणसंही पितात. मग झिंगलेले हत्ती आणि झिंगलेली माणसं एकदमच शत्रूवर तुटून पडतात. उत्तरेचा हर्ष या राजाला हटवू शकला नाही, हेही तो सांगतो, आणि ऐहोळेच्या शिलालेखात पुलकेशीचा दरबारी कवी रविकीर्ती यानं हर्षाचे हत्ती रणात पडल्याचं मोठ्या झोकात वर्णन केलंच आहे. महाराष्ट्राच्या पूर्वजांचा हा उपाय ऐकून तुम्ही हसाल, पण त्यात अक्कल होती. ज्याला पत्रा लावता येत नाही त्या भीतीवर त्यांनी औषध शोधलं होतं. अर्थात झिंगलेला हत्ती कुठल्या दिशेनं पळेल हे कोण सांगणार, हा प्रश्न पुलकेशीच्या माहुतांनाही पडला असणार.

आता पाखरेत काय झाकत नाही ते पाहू. लीड्सच्या हत्तीभोवती फिरताना ते लक्षात येतं. दोन्ही बाजूंचे पडदे पोटाच्या कडेपर्यंत उतरतात आणि थांबतात. पोटाखाली काही नाही. मागची बाजू मोकळी. पाय मोकळे. सोंडेचा फक्त वरचा भाग झाकलेला. मानेवर माहूत बसतो, त्याच्या गुडघ्यांना आणि पायांच्या अंगठ्यांना हत्तीचं कातडं लागावंच लागतं. कारण अर्धे हुकूम तो अंगठ्यांनीच कानामागे देतो. तेव्हा माहुताची जागा उघडी. हास्द्रुबलच्या माहुतांची छिन्नी ज्या जागेवर बसत असे, तीही तिथेच. हा योगायोग नव्हे. जिथून हत्ती हाकता येतो तिथूनच तो मारता येतो, आणि ती जागा लोखंडानं बुजवली तर हाकणार कुठून?

पोटाची गोष्ट ज्यू लोकांच्या जुन्या इतिहासात आहे. इ.स.पू. १६२ मध्ये बेथ-झकर्याच्या लढाईत एलाझार नावाच्या योद्ध्यानं एक हत्ती पाहिला. इतरांहून उंच आणि अंगावर राजाचं कवच. यावर खुद्द राजाच असणार असं समजून तो सैन्य चिरत गेला, हत्तीच्या पोटाखाली शिरला आणि खालून त्यानं शस्त्र खुपसलं. हत्ती पडला तो त्याच्याच अंगावर, आणि एलाझार तिथेच गेला. राजा त्या हत्तीवर नव्हताच. भारी कवच म्हणजे भारी माणूस, हा अंदाज त्याला भोवला. पण पोट उघडं आहे हे त्याला नेमकं ठाऊक होतं, हे विसरू नका.

सोंडेचं तर काही करताच येत नाही. ती श्वास घेते, पाणी पिते, चारा उचलते, वास घेते, माणूस उचलून आपटते. तिला पत्र्यांत कोंडली तर हत्ती निम्मा झाला. म्हणून तिला थोडं झाकायचं, टोक मोकळं सोडायचं. गोवळकोंड्यात येसाजी कंकानं हत्तीशी झुंज देऊन त्याची सोंड उडवली, ही दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती किती खरी ते मी आज सांगत बसत नाही. दंतकथा रचणाऱ्यानं वार मात्र जाणून योग्य जागी घातला आहे.

आणि पाय. हत्तीला उडी मारता येत नाही. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटत नाहीत. आजसुद्धा रानहत्ती पिकांत शिरू नयेत म्हणून वनखातं चर खोदतं, ते याच कारणानं. तळवा मोठा आणि गादीसारखा. एवढा डोंगर ज्या गादीवर उभा, तिच्यात काटा शिरला की सगळं संपलं. हे तैमूरला कळलं होतं.

डिसेंबर १३९८. दिल्लीबाहेर सुलतान महमूद तुघलकाच्या फौजेत १२० हत्ती, चिलखत घातलेले, पाठीवर तिरंदाज. तैमूरच्या फौजेत हत्ती कोणी पाहिलेले नव्हते. त्यांच्यात अफवा पसरली की हत्तीच्या अंगावर बाण चालत नाही, तलवार चालत नाही, तो झाडं उपटतो आणि घोड्यासकट स्वार उचलतो. तैमूरबरोबर मोठे विद्वानही होते. लढाईच्या वेळी तुम्हाला कुठे उभं करू, असं त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, जिथे बायका असतील तिथे. हे त्याच्या चरित्रकारानंच लिहून ठेवलं आहे. विद्वानांच्या वतीनं मी एवढंच म्हणेन की निदान त्यांनी खरं सांगितलं.

तैमूरनं छावणीसमोर खंदक खणला, त्यापुढे गुरांना मानेला आणि पायांना बांधून त्यांची भिंत केली आणि लोखंडी सराटे करून घेतले. ज्यांना आपण गोखरू म्हणतो, ते. कसेही टाका, एक टोक वर राहतंच. पायदळानं ते हत्तींच्या वाटेत पसरायचे. नंतरच्या लेखकांनी पाठीवर पेटतं गवत लादलेल्या उंटांचीही गोष्ट जोडली आहे. कपाळावर पोलाद होतं, तळव्याखाली माती होती. दिल्लीचे हत्ती फिरले आणि दिल्लीही गेली.

आगीपुढे तर पाखर निरुपयोगीच. इ.स. ७१२ मध्ये सिंधचा राजा दाहिर हत्तीवर बसून लढत होता. ‘चचनामा’ सांगतो, की जळत्या नफ्त्याचा बाण येऊन हौद्याला आग लागली आणि घाबरलेला, तहानलेला हत्ती माहुताचं काहीएक न ऐकता पाण्याकडे धावला आणि पाण्यात जाऊन बसला. राजा पाठीवर आहे याची त्याला काय पर्वा! दाहिर त्याच लढाईत पडला.

आता उष्म्याचं. हा मुद्दा आपले इतिहासकार फारसा धरत नाहीत. तो मला सगळ्यात मोठा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. माणसाला घाम येतो, घोड्याला येतो. हत्तीला नखांच्या आसपास सोडलं तर घाम येत नाही. त्यात अंगाचा घेर मोठा, म्हणजे आत तयार होणाऱ्या उष्णतेच्या मानानं ती बाहेर टाकायला कातडी कमी. तो उष्णता टाकतो ती मुख्यतः कानांतून. कान हलवतो, कानातल्या शिरांमधलं रक्त निवतं. सोंडेनं अंगावर पाणी, नाहीतर धूळ उडवतो. आता त्याच्या अंगावर लोखंडाची पाखर घाला, पाखरेखाली जाड कापडाचं अस्तर, पाखरेवर शोभेची गजझांप आणि वर दुपारचं ऊन. आईनमधली गजझांप म्हणजे तीन पदरी जाड कापडाची झूल, ती पाखरेवरून घालायची. दिसायला देखणी, आणि हत्तीच्या दृष्टीनं रजईवर रजई.

पाखरेतून कान मोकळे ठेवलेले असतात ते याच कारणानं. तेच तर त्याचे पंखे. आणि जो भाग थंड राहण्यासाठी मोकळा ठेवायचा तोच सगळ्यात पातळ कातडीचा. सांगलीच्या माहुतानं माझं बोट जिथे ठेवलं होतं, तिथेच बाण मारायचा. १६५८ च्या समुगढच्या लढाईत औरंगजेबाशी लढणाऱ्या दारा शुकोहची फौज आदल्या दिवशी आग्र्याजवळ दिवसभर उन्हात चिलखतं घालून उभी होती, आणि शत्रू चाल करत नव्हता. माणसं आणि घोडी तहानेनं, उन्हानं पडली. हत्तींचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, हत्तींचं लिहायला बसतंय कोण. पण मे महिन्याचं आग्रा ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

त्याच लढाईत दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. हौदा रिकामा दिसताच फौजेनं मालक पडला असं धरलं आणि पळ काढला. हत्तीवरचा माणूस सगळ्यांना दिसावा म्हणूनच तर त्याला वर बसवलेलं असतं. शंभर वर्षांआधी, ५ नोव्हेंबर १५५६ ला पानिपतावर अकबराच्या फौजेशी लढताना हेमूचं याहून वाईट झालं. त्याच्या हत्तीचं नाव हवाई. हत्ती शाबूत, हेमूच्या डोळ्यात बाण. तो बेशुद्ध होऊन हौद्यात कोसळला, फौज फुटली, आणि माहुतासह हवाई शाह कुली महरमच्या हाती लागला. हत्तीच्या अंगाला पत्रे लावले होते, हेमूच्या डोळ्याला काय लावणार?

आता मी पुन्हा अबुल फजलकडे येतो, कारण त्याच्या यादीत या सगळ्याचं उत्तर दडलेलं आहे. पाखर हा त्या यादीतला एक नग. बाकीचे नग कसले आहेत ते वाचण्यासारखं आहे. साखळ्या, बेड्या, पाय जखडायचे लोखंडी लंगर. मानेचा कलावा, ज्यात माहूत पाय अडकवतो. अंकुश. मागे पुठ्ठ्यावर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला भोई म्हणत. हत्ती पुढे जाईना की त्याला टोचायला भोयाच्या हाती दुहेरी टोकाचा भाला, गड. पोकळ बांबूत दारू भरलेली चरखी, जी पेटवली की गरगर फिरते आणि दोन झुंजणाऱ्या हत्तींना घाबरवून वेगळं करते. आणि एक कापड, सुमारे दीड गज चौरस, मखमलीचं किंवा जरीचं. त्याचं नाव अंधियारी. ते हत्तीच्या डोळ्यांच्या वर कलाव्याला बांधलेलं असे. हत्ती बेकाबू झाला की सोडून द्यायचं, डोळ्यांवर पडदा पडला की तो थांबतो. ते नीट खाली राहावं म्हणून अकबरानं त्याला जड घंटा लावायला लावल्या. अंधार हा शब्द अशुभ वाटला म्हणून त्यानं नावही बदललं आणि त्याला उजियाली म्हणायला सांगितलं.

ही यादी वाचताना माझ्या मनात येतं की बादशहाच्या हत्तीखान्यात शत्रूपासून हत्तीचं रक्षण करणारी वस्तू एक, आणि हत्तीपासून आपलं रक्षण करणाऱ्या वस्तू कितीतरी. मस्त हत्तीच्या सेवेला पाच-साडेपाच माणसं नेमलेली असत, तीही त्यासाठीच. पाखर करणारा लोहार ज्या प्रश्नाशी झगडत होता तो प्रश्न लोखंडाचा नव्हताच.

बंदूक आल्यावर तो प्रश्नही मागे पडला. पुन्हा लीड्सकडे बघा. इ.स. १६०० म्हणजे बाबराच्या तोफांनंतर पाऊण शतक. तोडेदार बंदुका सगळीकडे झाल्या होत्या. त्यांच्या गोळीपुढे इतका बारीक पत्रा कितपत टिकणार, आणि टिकला तरी आवाजाचं आणि धुराचं काय करणार? हत्तीच्या पाठीवर चढवायची गजनाल नावाची लहान तोफ मुघलांनी केलीच होती, म्हणजे आता आवाज खाली नाही, थेट त्याच्या कानामागे. हत्ती हळूहळू तोफा ओढू लागला, सामान वाहू लागला, निशाण आणि नगारा घेऊन पुढे चालू लागला. पाखरेवरची कमळं आणि मासे मला याच काळाची खूण वाटतात. रणांगणात एवढं नक्षीकाम कोण बघतो? ती मिरवणुकीत बघायची. जगातली ही सुंदर पाखर ज्या काळात घडली, त्या काळात तिची खरी गरज सरत चाललेली होती असं मी म्हणतो. काही मित्रांना हे पटत नाही. त्यांच्या मते सुंदर असण्यानं काम कमी होत नाही, आणि मुघल बादशहा आपली शस्त्रंही नक्षीची करूनच वापरत. त्यांचं म्हणणं मी इथेच नोंदवून ठेवतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न सह्याद्रीनंच सोडवला होता. घाटवाटांवर, करवंदीच्या जाळ्यांतून लढायचं तर पाखर घातलेला हत्ती काय कामाचा? शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत पीलखाना होता, साल्हेरच्या लढाईत तर सव्वाशे हत्ती हाती लागल्याचं बखरकार सभासद सांगतो. पण ते हत्ती मान होते, संपत्ती होते. ६ जून १६७४ ला राज्याभिषेकाच्या दिवशी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. दरवाजाशी दोन लहान हत्ती उभे पाहून तो चकित झाला. इतक्या अवघड वाटेनं यांना वर आणलं कसं, हे त्याला उलगडेना. वकिलाला पडलेला प्रश्न मला फार आवडतो. हत्ती लढाईत काय करतो हे त्यानं विचारलं नाही.

लीड्सची पाखर तिथे पोहोचली त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता. त्याची पत्नी हेन्रिएटा दक्षिण हिंदुस्थानात खूप हिंडली, जुन्या वस्तू जमवल्या. तिच्याबरोबर ही पाखर १८०१ च्या सुमारास इंग्लंडला गेली आणि वेल्समधल्या पोविस किल्ल्यात राहिली. तिथून पुढे संग्रहालयात. प्लासीच्या रणांगणावर ती मिळाली असंही कुठे कुठे सांगतात, त्याला आधार कमी. तिचे दोन भाग कुठे पडले कोण जाणे. चिलखताचं हे असं; हत्तीच्या अंगाची काळजी सांगणारं शास्त्र मात्र इकडेच राहिलं. पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ साली पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ छापला, त्यात हत्तीच्या रोगांवर आणि त्याच्या देखभालीवर पानंच्या पानं आहेत. ते पुस्तक कपाटात धूळ खात पडलेलं आहे, आणि पाखर काचेबाहेरच्या उजेडात झळकते आहे.

सांगलीच्या हत्तीचं राहिलंच. उत्सवाच्या दिवशी त्याच्या अंगावर जरीची झूल असायची, कपाळावर चांदीचा पट्टा असायचा, गळ्यात घंटा असायची. लोक हार घालायचे, नारळ द्यायचे, फोटो काढायचे. एकदा मिरवणूक संपल्यावर आजोबा आणि मी त्याच्या मागोमाग कृष्णेच्या बाजूला गेलो. माहुतानं आधी घंटा काढली, मग कपाळाचा पट्टा, मग झुलीच्या गाठी सोडल्या आणि ती जमिनीवर सरकू दिली. खालचं अंग काळपट दिसत होतं आणि गरम वाफ यावी तसा वास येत होता. हत्ती कान हलवत उभा होता, घाईघाईनं, जसं आपण पदरानं वारा घ्यावा. माहुतानं बादली उचलली आणि पहिलं पाणी कानांच्या मागे ओतलं.